कळी पडेपर्यंत मला अटक

अंगणात आमसुलं वाळत घालत होते, तेव्हा फोनवर पोलीस आला. खाकी कपडे, मागे झेंडा, टेबलावर टोपी. हिंदीत बोलत होता.

"माताजी, तुमच्या आधार कार्डावर कुणीतरी परदेशात अफू पाठवली आहे. तुम्हाला अटक झाली आहे."

"कुठे?"

"तिथेच. फोनवर. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. कुणाला काही सांगायचं नाही."

मी घाबरले. खोटं कशाला सांगू. चौथी शिकलेल्या बाईला पोलीस म्हणजे पोलीस, तो ओटीवर उभा असो की फोनमध्ये. पुढे म्हणाला, खात्यातले पैसे तपासायचे आहेत, ते सरकारी खात्यात पाठवा, संध्याकाळी परत मिळतील.

ते पैसे म्हणजे नवऱ्याच्या मागे मिळालेला फंड. तो आहे म्हणून मी माझ्या घरात माझ्या मर्जीने राहते. तो गेला की मुलगा मला विरारच्या फ्लॅटमध्ये नेणार आणि तिथे सुनेला विचारून बांगडा तळायचा. त्यापेक्षा मला तुरुंग बरा वाटला.

"पाठवते," मी म्हटलं. "बँक पालीला आहे. पण आधी देवाला विचारावं लागेल."

आमच्या गावात लग्न असो, विहीर खणायची असो, म्हैस विकायची असो, कौल लावल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. गुरव देवाच्या पाषाणाला दोन ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"कुणाला सांगायचं नाही म्हटलं ना?"

"देवाला काय सांगायचं? त्याला माहीतच असतं."

त्याने घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "लवकर करा. फोन चालू ठेवा."

फोन पिशवीत उभा ठेवून निघाले. वाटभर त्याला माझी हनुवटी आणि सुपारीची झाडं दिसली असणार.

देवळात गुरव होता आणि जेवणाची वाट बघत बसलेले तिघे म्हातारे.

"काय गो काकी, आज अवेळी?" गुरव म्हणाला.

"मला अटक झालीय."

"कुणी केली?"

मी फोन पुढे धरला. एक म्हातारा वाकून बघत म्हणाला, "नमस्कार साहेब. चहा झाला?"

साहेबाने टेबलावरची टोपी डोक्यावर चढवली. गुरवाने कळ्या लावल्या आणि विचारलं, "साहेब, गाऱ्हाण्यात तुमचं नाव घ्यावं लागेल. गाव कुठलं?"

"दिल्ली."

"दिल्लीत कुठली वाडी? ग्रामदैवत कोणतं?"

"वेळ घालवू नका. फूल कधी पडणार?"

"देवाच्या मनात येईल तेव्हा."

आम्ही पाचही जण कळ्यांकडे बघत राहिलो. मी फोन वर धरून होते, म्हणजे साहेबही बघत होता. कळ्या हलेनात. तेव्हा गुरवाने हात जोडले आणि आवाज चढवला.

"बा महाराजा, ही तुझी लेक दारात उभी आहे. तिचा गुन्हा असेल तर तिला शिक्षा कर."

"होय महाराजा," म्हातारे एका सुरात म्हणाले.

"आणि हा दिल्लीचा साहेब खोटा आळ घेत असेल, तर त्याची जीभ लुळी पडू दे."

"होय महाराजा."

"खाल्लेलं अंगी लागू देऊ नको."

"होय महाराजा."

"बसल्या जागी त्याचं..."

काय व्हायचं होतं ते देवालाच माहीत, कारण फोन बंद पडला. साहेबाने स्वतःच कापला होता. मला आधी कळेना, मग हसू फुटलं ते आवरेना. म्हातारे खांबाला धरून हसत होते. कळ्या जागच्या जागी. गुरव म्हणाला, "कळीच्या आधी साहेबच गळला."

मुलाला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. त्याने सायबर पोलिसांत कळवायला लावलं. "आई, पोलीस कधी फोनवर अटक करत नाहीत. असा फोन आला की कापायचा आणि लगेच कुणालातरी सांगायचं."

"सांगू नको असं तो म्हणाला होता."

"म्हणून तर सांगायचं. सांगू नको म्हणणारा चोरच."

हे मला पटलं. मग तो मूळ मुद्द्यावर आला. "आता तू एकटी राहू नकोस. इकडे ये."

"बघते," मी म्हटलं. "कौल लावते."

गुरवाला मी आधीच सांगून ठेवलंय, उजवी कळी जरा घट्ट चिकटव.