साहेबांचा नेम

सरळ आपल्याच दिशेनं येणारा गोल्फचा चेंडू आकाशात हलताना दिसत नाही, नुसता मोठा होत जातो. साहेबांचा पहिला फटका नेहमी झाडीत जायचा. मग एकदा म्हणाले, "बाळू, तू समोर मधोमध उभा राहा. माणूस दिसला की माझा नेम बसतो." नववीत शाळा सोडून गावापासून इतक्या लांब आलेल्या मला त्यांनीच मैदानावर आपली काठ्यांची पिशवी उचलायच्या कामाला लावलं, नाही कसं म्हणू?

तेव्हा चेंडू कुठेही पडायचे. एखाद्याचं कच्चेपण दुसऱ्याला किती सांभाळून घेतं! आता साहेब सुधारलेत. काल चेंडू माझ्या पायाशी आदळला.

जवळ येऊन त्यांनी विचारलं, "हलला नाहीस ना?"

"नाही, साहेब."

"शाब्बास! रविवारी अवघड मैदानावर जाऊ. तिथली चेंडू मारायची वाट अरुंद आहे, मजा येईल."

मला वगळलं नाही, याचं खरंच बरं वाटलं.