एका खोलीत किती जण

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी विषय घेतला होता: मुंबईत एका खोलीत किती माणसं झोपतात. मॅडम म्हणाल्या, घरोघरी फिरायची गरज नाही. देशभर झालेल्या सर्वेक्षणाची माहिती वेबसाइटवर फुकट मिळते. नाव नोंदवायचं आणि कारण लिहायचं. सोमवारी विषय पक्का करून सांगायचा होता.

‘कारण’ या चौकटीपाशी मी बराच वेळ अडले. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली, त्यामुळे विचारणार कुणाला? शेवटी खरं तेच लिहिलं. लालबागच्या चाळीतल्या आमच्या एका खोलीत आम्ही सहा जण झोपतो. इतरांकडे किती झोपतात ते पाहायचं आहे.

पप्पांनी ते इंग्रजीतलं मला मराठीत सांगायला लावलं. ते लोअर परळच्या एका ऑफिसात शिपाई आहेत. फॉर्मवर लिहिलेलं कुठून कुठे फिरतं, ते रोज बघतात.

“सहा कशाला? रेशनकार्डावर चार आहेत.”

गावाहून शिकायला आलेले माझे दोन आतेभाऊ कार्डावर नाहीत.

“पप्पा, हे रेशनचं नाही.”

“चाळ पाडून नवीन घरं कोणाला द्यायची, ती पात्रता यादी लागायचीय गो. उद्या कोणी विचारलं, हे दोघे कोण, तर तुझी वेबसाइट येणार सांगायला? विषयच बदल.”

“पाण्यावर घे,” आई म्हणाली. “पाण्यावर कोण काय बोलत नाही.”

मी आमच्या घराचं वाक्य काढलं, ‘शैक्षणिक अभ्यास’ एवढंच ठेवलं आणि पाठवून दिलं. विषयाचं नंतर बघू, असं पप्पा म्हणाले. शनिवारी परवानगीचा मेल आला. सही नाही, शिक्का नाही, म्हणून पप्पांना तो खराच वाटेना.

रविवारी दुपारी फाइल उघडली. नुसते आकडे. एका घराची एक ओळ. कुठल्या रकान्यात काय, ते सांगणारी वेगळी फाइल होती, ती शेजारी उघडली. पप्पा चष्मा लावून बाजूला बसले.

“आपली ओळ कुठची?”

“आपण नाही यात. निवडक घरांतच विचारलेलं.”

“मग ह्यांची नावं?”

“नावं नसतात. पत्ताही नाही. फक्त जिल्हा.”

त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. मी वाचलं: माणसं आठ, झोपायला खोली एक.

“आठ?” पप्पा वाकून बघू लागले. “आठच्या आठ सांगितले ह्यांनी?”

पुढची ओळ. माणसं तीन, खोल्या दोन.

“मजा आहे ह्यांची,” आई ओट्याजवळून म्हणाली.

मग पप्पा ओळ निवडायचे आणि मी वाचायची. आठ जणांचं घर वरळीचं की वडाळ्याचं, यावर त्यांची आणि आईची जुंपलीसुद्धा. चहा गार झाला.

“एवढ्या लोकांनी खरं सांगून ठेवलंय,” पप्पा चष्मा पुसत म्हणाले, “तर आता पाणीबिणी नको. मॅडमना सांग, हाच विषय.”

सोमवारी मी सांगितलं. जरा अडखळत, पण सांगितलं.