सीट कमी हाय, गाडी हलणार न्हाय!

आमच्या हॉस्टेलच्या काउंटरखाली एक खोकं आहे. पाहुणे जे विसरून जातात ते त्यात पडतं. चार्जर, गॉगल, जोडीदार हरवलेला मोजा. चार्जरसाठी पार जर्मनीहून मेल येतो. किस्से मात्र कुणी परत मागत नाही, म्हणून ते साचत जातात.

फोर्ट कोचीत, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, एका जुन्या डच घरात आमचं हे बॅकपॅकर हॉस्टेल. सोळा जणांची सोय. मी मूळची भूमची, धाराशिव जिल्ह्यातली. तीन वर्षं झाली, इथं काउंटरवर आहे. साचलेले किस्से उपसायला बसलं की निम्मे एकाच पाहुण्याचे निघतात. सहा दिवस राहिला. माझा बाप!

अण्णा एस.टी.त कंडक्टर होते. भूम-बार्शी गाडीवर जन्म गेला. ते कोचीला आले त्याचं कारण माझा मामा. मामानं आमच्या वेबसाइटवर मिक्स डॉर्मचा फोटो बघितला. मिक्स डॉर्म म्हणजे एकाच हॉलमध्ये पोरं-पोरी, एकावर एक कॉट, प्रत्येकाला आपला पडदा. मामाला हे घरात सांगण्यासारखं वाटलं. त्यानं ते गल्लीतही सांगितलं.

नेमकं त्याच आठवड्यात मालकांनी मला विचारलेलं, मॅनेजर होतेस का. आणि मामाकडं परंड्याचं एक स्थळ तयार होतं. अण्णा फोनवर एवढंच म्हणाले, "येतो. बघतो. मग सांगतो."

मी सत्तावीस वर्षांची. परवानगी काही लागत नव्हती. पण अण्णा "चल" म्हणाले असते तर मी बॅग भरली असती. रडत भरली असती, पण भरली असती. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

* * *

सोलापुरातनं रेल्वे धरून अण्णा आले. हातात एक पिशवी आणि खव्याच्या पेढ्यांचा डबा. मालकांचं नाव बेबी. केरळात पुरुषांचं हे नाव असतं. साठीचे, भरघोस मिशा, पांढरी लुंगी. पुण्यात नोकरी केलेली, त्यामुळं हिंदी बरी. मी ओळख करून दिली. अण्णांनी एकदा मिशांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि हात जोडले.

"नमस्कार, बेबीराव!"

तेव्हापासून ते बेबीराव. आता स्टाफही तेच म्हणतो.

मी अण्णांसाठी वरची स्वतंत्र खोली झाडून, पुसून, उदबत्ती लावून ठेवलेली. त्यांनी दारातूनच बघितली आणि मागं फिरले.

"अण्णा, काय झालं?"

"म्या बघायला आलोय न्हवं? ड्रायव्हरच्या केबिनमधी बसून गाडी बघतात व्हय?"

आणि थेट मिक्स डॉर्ममध्ये जाऊन दाराजवळच्या खालच्या कॉटवर पिशवी ठेवली. बेबीरावांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच पोलीस बोलावलेत.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉर्ममध्ये गेले तर प्रत्येक कॉटवर पुठ्ठ्याची पाटी! मार्करनं, ठळक मराठीत. दाराजवळच्या चार कॉट 'महिलांसाठी राखीव'. अण्णांची स्वतःची 'ज्येष्ठ नागरिक'. एक 'पत्रकार'. आणि खिडकीजवळची, समुद्राचं वारं येणारी, सगळ्यांना हवी असलेली कॉट 'आमदार'.

"अण्णा, इथं कोण आमदार येणार?"

"आला तर?"

लुकास नावाचा एक जर्मन पोरगा होता. त्यानं आपल्या कॉटवर काय लिहिलंय म्हणून विचारलं. मी सांगितलं, पत्रकार. तो गंभीर झाला. खाली उतरून अण्णांपुढं उभा राहिला आणि मला म्हणाला, "त्यांना सांग, मी सुतार आहे. कॉट सोडायची का?"

अण्णांनी विचार केला. "ऱ्हाऊ दे म्हणावं. पुढच्या थांब्यापातूर."

आमदाराची कॉट सहा दिवस रिकामी राहिली. बेबीरावांनासुद्धा ती कुणाला द्यायचा धीर झाला नाही.

* * *

आमच्याकडं संध्याकाळचं जेवण सगळ्यांचं एकत्र, लांब टेबलावर. अण्णा त्याआधी बोटानं माणसं मोजायचे. अठ्ठावीस वर्षांची सवय, मोजल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

तिसऱ्या दिवशी मोजून झालं आणि त्यांनी भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

"एक सीट कमी हाय. गाडी हलणार न्हाय!"

कमी होती दिल्लीची सान्या. कथकली बघायला गेलेली. मी सांगितलं, येईल ती, मोठी आहे, आपण बसू. अण्णा झाकणावर हात ठेवून उभे. ताटं समोर आणि माशाच्या कढीचा वास. अर्ध्या तासानं सान्या आली. अख्ख्या टेबलानं टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं तिचा वाढदिवस समजतायत, आणि ती थँक यू म्हणाली!

दुसऱ्या दिवसापासून मला मेसेज यायला लागले. 'उशीर होईल, अण्णांना सांग.' सान्याचा तर फोनच आला. तिच्या आईला नंबर हवा होता. अण्णांचा!

* * *

काउंटरवर एक पितळी घंटी आहे, तळहातानं दाबायची. अण्णांना ती पहिल्याच दिवशी आवडली.

बेबीराव दर शुक्रवारी पाहुण्यांना गावातून फिरवतात. जुनं चर्च, डच कबरस्तान, मासेमारीची चिनी जाळी. लोक फोटो काढत मागं राहतात, वरात लांबते. त्या शुक्रवारी अण्णा घंटी बरोबर घेऊन निघाले. एक टण म्हणजे थांबा. दोन टण म्हणजे चला. पहिल्याच गल्लीत सगळ्यांना कळलं.

चर्चपाशी बेबीराव रंगात आले. पोर्तुगीज झाले, डच झाले, इंग्रज सुरू होणार तोच, टण टण!

"अण्णाजी, अभी हिस्ट्री बाकी है!"

"हिस्ट्री लई हाय, बेबीराव. पन थांबा पाचच मिन्टाचा."

लोक निघालेसुद्धा. कुठल्या तरी दुसऱ्या हॉटेलची चार माणसंही आमच्याबरोबर चालायला लागली. अण्णांनी त्यांना मोजून उतरवलं.

समुद्रापाशी मात्र ते स्वतःच घंटी वाजवायची विसरले. बराच वेळ उभे होते. शेवटी म्हणाले, "एवढं पानी, आन् एक म्हैस पिऊ शकत न्हाय." आणि टण टण.

* * *

पाचव्या दिवशी मामाचा फोन आला. अण्णांना कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर. डॉर्मभर ऐकू जात होता.

"दाजी, पोरी कसले कपडे घालत्यात तिथं?"

समोरच एक फ्रेंच बाई हाफ चड्डीवर बसून लिंबू सरबत पीत होती.

"कंडक्टर तिकीट बघतो," अण्णा म्हणाले. "कापडं न्हाय."

"अन् झोपायचं कसं काय हाय?"

"स्टँडिंग कुनी न्हाय. समद्यास्नी जागा हाय." आणि फोन ठेवला.

मला वाटलं हीच वेळ. म्हटलं, "अण्णा, मग काय ठरलं?"

"गाडी चालू असताना बोलू ने."

"ते ड्रायव्हरशी!"

"मंग कंडक्टरशी तरी कशापायी बोलायचं?"

त्या दिवशी मी तीन बुकिंग चुकीच्या तारखेला टाकली. बेबीरावांनी ती दुरुस्त केली. तेही अण्णांच्या निकालाची वाट बघत होते.

* * *

निघायच्या दिवशी सकाळी रिक्षा दारात उभी. नाश्त्याची वेळ, सगळे टेबलावर. अण्णांनी पेढ्यांचा डबा उपडा करून उरलेले वाटले. लुकासनं पिशवी रिक्षात ठेवली. बेबीरावांनी त्यांना एक नवी कोरी लुंगी दिली. ती अण्णांनी डोक्याला गुंडाळून बघितली. मी पाया पडले. अण्णा रिक्षात जाऊन बसले.

मी रिक्षाजवळ गेले. "अण्णा, तुम्ही सांगितलं नाही."

ते खाली उतरले. माझ्या अंगावरून आत गेले, काउंटरपाशी. मी मागोमाग दारापर्यंत. तळहात उचलला.

टण.

टेबलावर सगळे जागच्या जागी थांबले. लुकासचा घास तोंडापाशी थांबला. सान्या उठत होती ती तशीच अर्धी उभी राहिली. बेबीरावांच्या हातातली किटली थांबली. मनातल्या मनात मी बॅग काढली, कपडे भरायलाही लागले.

अण्णा बोट नाचवत टेबल मोजायला लागले. सावकाश. एकदा इकडून, एकदा तिकडून. दारातल्या माझ्यापाशी येऊन बोट थांबलं.

"समदे हाईत," ते म्हणाले.

आणि परत हात उचलला.

टण टण!