खोकल्याच्या औषधाचा टँकर

माझे वडील साबणाच्या कारखान्यात आहेत, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. खरं तर ते साबणाला हातही लावत नसत. साबण करताना जे ग्लिसरीन निघतं ते टँकरमध्ये भरून रवाना करणं, हे त्यांचं काम. हा टँकर कुठे जातो, असं त्यांनी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात विचारलं होतं आणि सुपरवायझरने सांगितलं होतं, खोकल्याच्या औषधाला. ते एक उत्तर त्यांना नोकरीभर पुरलं. लहानपणी मला खोकला झाला की चमचा पुढे करताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू औषध त्यांनीच शोधून काढलंय. मीही शाळेत ऐटीत खोकायचे.

कारखाना मोठा दानशूर. गणपतीला साबण, दिवाळीला साबण, बुद्धपौर्णिमेला विहारात पाण्याचा कूलर आणि त्यावर कूलर झाकून टाकणारी पाटी. निवडणुकीत दोन्ही उमेदवारांच्या गाड्यांतून याच कंपनीच्या वड्या वाटल्या जायच्या, म्हणजे कोणीही पडला तरी कंपनी निवडून यायची. साहेब लोक मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरत, गाडीने येत, एक झाड लावत आणि ऊन चढायच्या आत परतत. झाडं काही जगली नाहीत. फोटो मात्र अजून ऑफिसात आहेत.

बाबा आमच्या वाडीचे बौद्धाचार्य. रविवारी विहारात पंचशील द्यायचे आणि मग बुद्धांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेले पाच व्यापार बोटांवर मोजायचे: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा, विषाचा. पहिलं बोट ते भर्रकन मिटत, कारण आमच्या वाडीत तोफा विकणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या-तिसऱ्या बोटाला पोल्ट्रीवाला छताकडे बघायचा. चौथ्या बोटाशी मात्र बाबा थांबत. त्याला कारण माझा काका, त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. काकाने कारखान्याच्या फाट्यावर बिअर शॉपी काढली आणि बाबांनी विहाराच्या कमिटीतून त्याचं नाव कमी केलं. काकाच्या मुलीचं लग्न लावायलाही ते गेले नाहीत. काकाने बोर्ली पंचतनहून दुसरे बौद्धाचार्य आणले, आणि बाबा दिवसभर घरी एकच वर्तमानपत्र वाचत बसले. मला त्यांचा भयंकर राग आला होता. पण माझा बाप तत्त्वाला धरून आहे म्हणून आतून अभिमानही वाटला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

परवापरवा कारखान्याने निवृत्त कामगारांना एकेक खोकं पाठवलं. आत लहान बाळांचा साबण आणि गुळगुळीत कागदाची स्मरणिका. मुखपृष्ठावर फेसात बसलेलं गुटगुटीत बाळ. मधल्या पानावर रांगेने उभे तोफगोळे, शेजारी हात जोडलेले पुढारी, आणि खाली मजकूर असा की आमच्या कारखान्याचं ग्लिसरीन कित्येक वर्षं गाजावाजा न करता देशाच्या दारूगोळ्यात आणि त्याच्या संशोधनात कामी येत आहे. इतकी वर्षं जे झाकून ठेवलं होतं ते आता मिरवण्यासारखं झालं होतं. वारं फिरलं होतं, आणि कंपनीला साबणापेक्षा वाऱ्यातलं जास्त कळतं.

बाबांनी ते पान दोनदा वाचलं. मी प्राथमिक शाळेतली बाई, समजूत घालण्यात माझी हयात गेलेली. म्हटलं, थोडंफार खोकल्याच्या औषधालाही जात असेलच की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खोकं आवरायला घेतलं. त्या रविवारी ते विहारात गेले नाहीत. पुढच्या रविवारीही नाही. पांढरा सदरा घालायचे, दाराच्या पायरीपर्यंत जायचे आणि परत येऊन बसायचे. निवृत्तीनंतर त्यांच्याजवळ तो रविवार तेवढा उरला होता. मला खरंच भीती वाटायला लागली.

तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, फाट्यावर चल. मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेले. कधीही न आलेला भाऊ दारात पाहून काकाने आधी काउंटरवरच्या बाटल्यांवर घाईघाईने पेपर टाकला आणि मग खुर्ची पुसली. बाबा बसले नाहीत. त्यांनी स्मरणिका काउंटरवर ठेवून ते पान उघडलं. पोरीच्या लग्नाला आलो नाही ते माझं चुकलं, म्हणाले. कमिटीत तुझं नाव परत घालतो आणि माझं काढतो.

काकाने फोटोकडे पाहिलंही नाही. "दादा, मला ठाव व्हतं," तो म्हणाला. रिकामा टँकर घेऊन परतलेले ड्रायव्हर त्याच्याच बाकड्यावर टेकायचे. माल कुठे उतरतो ते दुकान काढलं त्या वर्षापासून त्याला माहीत होतं.

"मंग बोललास का न्हाय मला?" बाबांनी विचारलं. "पोरीच्या लग्नाच्या येळंला तरी?"

काकाने खुर्ची पुन्हा पुसली. "बोललो असतो तं तुमी पुन्हा विहारात पाय ठेवला नसता. माझी पोरं, मंग नातवंडं तिथंच पंचशील शिकली, दादा. त्यांना कोण शिकवणार व्हता?"

तेव्हा कुठे बाबा खुर्चीवर बसले.

त्या रविवारी दोघे भाऊ विहारात मागच्या रांगेत शेजारीशेजारी बसले आणि पंचशील द्यायला त्यांनी मला पुढे ढकललं. पंचशील नीट झालं. मग मी पाच व्यापार मोजायला हात वर केला, पहिलं बोट मिटलं आणि तिथेच थांबले. माझं डी.एड. त्याच टँकरवर झालं आहे.