उपासाला चालणारी गोळी

दुसऱ्याच्या औषधाच्या डबीत डोकावणे हे सुजाण माणसाचे पहिले कर्तव्य आहे, असे मानणारे एकच गृहस्थ मी पाहिले. ते म्हणजे मुलुंडच्या चाळीतले माझे शेजारी, निवृत्त कंपाउंडर. ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत, चाळीतल्या ज्या म्हाताऱ्यांना रोजचे औषध विकत घेणे परवडत नसे, त्या सर्वांचे केसपेपर काखोटीला मारून ते महापालिकेच्या दवाखान्यात रांग लावीत. "आजोबा, पेशंट कोण?" असे खिडकीवरच्या बाईंनी विचारले की गंभीरपणे सांगत, "शरीर एकच आणलंय, आजार आठ आहेत." अक्षरओळख नसलेल्यांच्या पुड्यांवर ते सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढीत. एका आजोबांनी एकदा रात्रीची गोळी घेतलीच नाही. कारण त्या दिवशी अमावास्या होती. कंपाउंडर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून चंद्राच्या जागी उशी काढू लागले.

खरी काळजी होती ती समोरच्या मालवणी आजींची. रक्तदाबाची गोळी रोजची. पण महिनाअखेर डबीत आठ-नऊ उरत. कंपाउंडरांनी कॅलेंडर समोर ठेवून ताळा केला: सोमवार, चतुर्थी, एकादशी. "आजी, उपासाला गोळी चुकवता?" "मगे? ती कशात मळलेली आसता, माका काय ठावक! उपास मोडतलो." "आणि डोक्यातली नस फुटली तर?" "देव बघतलो." कंपाउंडरांनी डबीचे झाकण लावून ती आजींच्या हातात दिली. जिन्यात मला हळूच म्हणाले, "मास्तर, आमच्या हिच्या डबीतही अशाच उरल्या होत्या. जन्मभर लोकांना औषधं दिली. घरची डबी मात्र ती गेल्यावर उघडली."

पुढच्या चतुर्थीला सोवळे नेसून ते आजींच्या दारात हजर! त्यांनी गोळी दूर्वांसह गणपतीपुढे ठेवली, हात जोडले आणि म्हणाले, "आता हा प्रसाद झाला. नको असेल तर त्याला सांगा, मला नाही." आजींनी गणपतीकडे पाहिले, कंपाउंडरांकडे पाहिले, आणि "मेलो वकीलच आसा!" म्हणत तीर्थाबरोबर गोळी गिळली. पुढे प्रत्येक उपासाला गोळी आधी गणपतीपुढे ठेवण्याचे काम आजींनी स्वतःकडेच घेतले.

गुडघे थकल्यावर ते मुलाकडे नाशिकला गेले. दर महिन्याला त्यांचे पोस्टकार्ड येई, त्यात एकच प्रश्न, "आजींच्या डबीत किती उरल्या?" आजी डबी उघडून दाखवीत, "शून्य लिवा, मास्तरांनू." मुलांच्या वह्यांवर शून्य देताना माझा हात नेहमी जड होई, हे शून्य मात्र मी चांगले मोठे, वाटोळे काढीत असे.

पुढे एका श्रावणात कंपाउंडर वारल्याचे त्यांच्या मुलाने कळवले. कार्डे थांबली. तरी महिनाअखेर आजी रिकामी डबी घेऊन येत राहिल्या. मी आत नीट पाही आणि, लिहायचे कोणाला नसले तरी, मोठ्याने म्हणे, "शून्य."