अधिक चिन्हाची डीव्हीडी

"मधे कोणी हात लावला?" खोलीत शिरताच सरांचा पहिला प्रश्न हाच. मग ते डीव्हीडी खिडकीपाशी नेत, तिची पाठ उजेडात तिरपी धरत आणि नवा ओरखडा दिसतो का ते बघत.

आबिड्सजवळच्या आमच्या कॉलेजात ते परीक्षाप्रमुख होते. मी गणित शिकवायचो. पेपर फुटू नये म्हणून ते प्रश्नपत्रिका घरी स्वतः टाइप करत, डीव्हीडीवर घेत आणि ती शर्टाच्या आत पोटाशी धरून आणून छपाईपर्यंत छपाईच्या खोलीतल्या कपाटात ठेवत. पेन ड्राइव्हवर त्यांचा विश्वास नव्हता, शिपायावर नव्हता. माझ्यावरही नसावा, मी जवळ आलो की ते स्क्रीन बंद करायचे. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल.

एकदा ऐन परीक्षेच्या सकाळी छपाईच्या खोलीतल्या कॉम्प्युटरने डीव्हीडी कोरी दाखवली. पेपर दुपारी होता. सरांचा चेहरा उतरला आणि ते लॅब आणि ती खोली सांभाळणाऱ्या फातिमाबाईंवर उखडले.

"तुम मिटा दिए इसको!"

"मैं हात भी नै लगाई, सर," म्हणताना त्यांचे डोळे भरून आले.

मी डीव्हीडी मागितली. सरांनी दिली नाही, नुसती दाखवली. तिच्यावर अधिकचं चिन्ह होतं. आधीच्या सगळ्या उणे चिन्हाच्या असत. दिसायला दोन्ही सारख्याच, पण आमचा जुना ड्राइव्ह फक्त उणेवाल्या वाचायचा.

"दुसऱ्या कॉम्प्युटरात घालून बघू."

"कोणाच्या? आणि त्याने उतरवून घेतली तर?"

घरी उणेवाली कोरी डीव्हीडी उरली नव्हती, म्हणून शेवटी त्यांच्याच घरचा कॉम्प्युटर उचलून आणायचं ठरलं. मदतीला नाइलाजाने मला घेतलं.

कुकटपल्लीच्या फ्लॅटचं दार शेजारच्या काकूंनी उघडलं. आत पलंगावर सरांची म्हातारी आई बसली होती.

"माझ्या पाटल्या तूच चोरल्यास ना?"

सरांनी कपाट उघडून पाटल्या तिच्या ओंजळीत ठेवल्या. तिने त्या निरखल्या, परत दिल्या. आम्ही वायरी सोडवेपर्यंत तिने पुन्हा तेच विचारलं. एवढ्या घाईतही सर उठले, पुन्हा कपाट उघडलं. आवाजात जराही वैताग नव्हता. मी कॉम्प्युटर उचलला, तशी ती ओरडली, "अरे, चोर शिरलाय!"

"चोर नाही, आई. आपले आहेत हे."

पेपर थोडा उशिरा सुरू झाला, पण झाला. संध्याकाळी सर लॅबमध्ये गेले आणि सगळ्यांदेखत फातिमाबाईंना म्हणाले, "गलती मेरी थी. माफ करना."

वर्षअखेरीस त्यांनी नोकरी सोडली. आईला एकटं ठेवणं जमेना.

मी अधूनमधून फोन करायचो. एकदा पलीकडून आईचा आवाज आला, "कोणाशी बोलतोस?"

"मित्राशी."

"मग जेवायला बोलाव की त्याला."

सरांनी खरंच मला रविवारी बोलावलं. गेलो, तर दाराला कुलूप. काकू बाहेर आल्या. आई दोन दिवसांपूर्वी गेली होती आणि सर अस्थी घेऊन गावी गेले होते. पुढे ते परत आलेच नाहीत.

"तुमच्यासाठी निरोप ठेवलाय," त्या दिवशी काकू म्हणाल्या. "जेवण राहिलं म्हणावं."