अण्णांनी वळवलेली मान

"घरात आणखी कुणाला असं होतं का?" डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं. मी सवयीनं नाही म्हणालो. मग तक्त्यावरचं अक्षर वाचायला मान जरा डावीकडं वळवली. नजरेच्या मधोमध बसलेला धूसर डाग सरकला, अक्षर दिसलं, आणि मला पिशोरचं आमचं अंगण आठवलं.

तेव्हा वाळूजच्या कंपनीत मी नुकताच लागलो होतो. निळा गणवेश अण्णांना दाखवायला अंगावर घालूनच गावी गेलो. ते मक्याची कणसं सोलत बसले होते. उन्हात वाळल्या मक्याचा गोडसर वास सुटला होता. मी पुढ्यात उभा राहिलो, तर त्यांनी तोंड गोठ्याकडं फिरवलं.

"लेकराकडं बघा की जरा," आई म्हणाली.

"बघतोय की. लई रुबाबदार दिसतंय," अण्णा तोंड तसंच ठेवून म्हणाले.

शेती सोडली म्हणून टोमणा मारतायत, असं मला वाटलं. "तोंड बघायचं नसंल तर येत नाय मी," म्हणून मी न जेवताच निघालो. पुन्हा गेलो तो त्यांच्या मातीलाच.

"वडलांना होतं," मी डॉक्टरांना सांगितलं. "आम्हाला कळलंच नाही."

"हे घराण्यात चालत येऊ शकतं. मुलंबाळं असतील तर त्यांचेही डोळे तपासून घ्या," ते म्हणाले.

मी नीट दिसावा म्हणूनच अण्णांनी मान वळवली होती. मी अंगणातून निघालो तेव्हाही ते तसेच बघत राहिले असतील. मी मागं वळून पाहिलं नाही.